विश्लेषण : ज्या देशाने नागरिकत्व नाकारले, त्याच देशाच्या संसदेत... कोण होते दलीपसिंग सौंद?

अमेरिकेत निवडणूक झाली, की भारतीय वंशाच्या विजयी उमेदवारांची यादी आपल्याकडे लगेच मोबाइलवर फिरू लागते. अमी बेरा, प्रमिला जयपाल, रो खन्ना, राजा कृष्णमूर्ती आणि मराठी वाचकाला जवळचे वाटणारे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. या यादीत सर्वात वर असायला हवे ते नाव मात्र बहुतेक वेळा गळालेले असते. ते म्हणजे दलीपसिंग सौंद. ३ जानेवारी १९५७ रोजी सौंद यांनी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून शपथ घेतली. (इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद आणि प्रतिनिधिगृह म्हणजे ढोबळमानाने आपली लोकसभा.) मतदानाचा पूर्ण अधिकार असलेले ते तिथले पहिले आशियाई वंशाचे सदस्य, पहिले भारतीय आणि पहिले शीख.

प्रतिनिधिगृहात बसायचे तर किमान सात वर्षे अमेरिकेचे नागरिक असावे लागते, ही तिथल्या राज्यघटनेची अट आहे. सौंद यांना नागरिकत्व मिळाले १६ डिसेंबर १९४९ रोजी. म्हणजे सात वर्षे पूर्ण झाली १६ डिसेंबर १९५६ रोजी आणि शपथ झाली त्यानंतर १८ दिवसांनी. त्याआधीची २९ वर्षे ते अमेरिकेतच राहत होते. गणितात पीएचडी केलेला, शेती करणारा, लग्न होऊन तीन मुलांचा बाप झालेला हा माणूस कायद्याच्या नजरेत परकाच होता. हे नेमके कसे घडले?

आंब्याचे डबे करायला निघालेला विद्यार्थी

सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी पंजाबमधील अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडी गावात झाला. वडील आणि काका सरकारी कामांचे ठेकेदार. घरात पैसा होता, पण स्वतःला शिकायला मिळाले नव्हते. गावात शाळा नव्हती, तेव्हा या मंडळींनीच पुढाकार घेऊन ती उभी केली. दलीपसिंग पुढे जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात गेले आणि १९१९ मध्ये पंजाब विद्यापीठातून गणितात पदवीधर झाले. त्याच वर्षी त्यांच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जालियनवाला बाग घडली. गांधीजींच्या विचारांकडे ते ओढले गेले होतेच, त्याच्या जोडीला लिंकन आणि वुड्रो विल्सन यांचे लेखन वाचून अमेरिकेचेही आकर्षण निर्माण झाले होते.

घरच्यांना त्यांनी सांगितलेली योजना मात्र अगदी व्यवहारी होती. अमेरिकेत जायचे, फळे टिकवण्याचे आणि डबाबंद करण्याचे तंत्र शिकायचे, दोन-तीन वर्षांत परत यायचे आणि आंब्याचा कारखाना काढायचा. १९२० मध्ये ते इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरले. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना अमेरिकेने दार बंद केले होते, पण विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती. त्या फटीतून सौंद आत आले.

कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे बर्कलीला, त्यांनी प्रवेश घेतला. राहायची सोय स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या घरात झाली. सुट्टीत डबाबंद फळांच्या कारखान्यांत काम करून खर्च भागवायचा. अन्नप्रक्रियेचा अभ्यास सुरू झाला खरा, पण मन गणितात होते. १९२२ मध्ये एमए आणि १९२४ मध्ये पीएचडी. दरम्यान, भारतीय विद्यार्थ्यांच्या हिंदुस्थान असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेचे ते अध्यक्षही झाले आणि भारताच्या स्वातंत्र्यावर जिथे संधी मिळेल तिथे बोलू लागले.

हातात डॉक्टरेट असताना पुढचे पाऊल सोपे असायला हवे होते. पण मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता.

१९२३ चा थिंद निकाल काय होता?

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या व्यक्तीला नागरिक व्हायचे तर ती गोरी असणे आवश्यक होते. गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ही मुभा मिळाली. मग आशियातून आलेले लोक कोणत्या रकान्यात? कायद्यात याचे उत्तर नव्हते. त्यामुळे एका न्यायालयात भारतीयाला नागरिकत्व मिळे आणि दुसऱ्या न्यायालयात नाकारले जाई.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, जपानी माणूस त्या वंशाचा नाही, असे कारण दिले गेले. तीन महिन्यांनी भगतसिंग थिंद यांचे प्रकरण आले. थिंद हे पंजाबमधून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेले शीख. त्या काळचे वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच मानत होते. म्हणजे ओझावा निकालाचा तर्क लावला तर थिंद यांना नागरिकत्व मिळायला हवे होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने ते नाकारले. या वेळी शास्त्रातला वंश गैरलागू ठरला आणि सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकष पुढे आला. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच होते, जॉर्ज सदरलँड. तीन महिन्यांत मोजपट्टीच बदलली आणि दोन्ही वेळा माप आशियाई माणसाच्या विरोधात भरले.

थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे नाव मराठी कानांना ओळखीचे वाटेल. सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्येच अमेरिकेचे नागरिक झाले होते. थिंद निकालानंतर सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, त्यात पंडित यांच्यावरही खटला भरला गेला. त्यांनी तो लढवला आणि १९२७ पर्यंत सर्व पातळ्यांवर जिंकला. पण तोवर अनेकांचे नागरिकत्व गेले होते. सौंद यांना तर ते मिळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. नागरिक नसल्याने त्यांच्या पात्रतेला साजेशी शिक्षकाची नोकरी मिळण्याची वाटही बंद होती.

वाळवंटातली शेती

१९२५ मध्ये गणितातले हे डॉक्टर कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इम्पिरियल व्हॅलीत दाखल झाले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीचे मुकादम म्हणून कामाला लागले. शेत ओळखीच्या भारतीयांचे होते.

इम्पिरियल व्हॅली समुद्रसपाटीच्याही खाली असलेले वाळवंट आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्यांनी आणल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे शेती उभी राहिली. उन्हाळा असा, की अमेरिकेच्या इतर भागांतले लोक तिथे टिकत नसत. पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांना मात्र ऊन, कालवा आणि कापूस या तिन्ही गोष्टी सवयीच्या होत्या. ब्रॉली, एल सेंट्रो, होल्टव्हिल, वेस्टमोरलँड या गावांभोवती त्यांची वस्ती झाली.

अडचण जमिनीची होती. जे नागरिक होण्यास पात्र नाहीत त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये केला होता. १९२० मध्ये तो आणखी आवळून जमीन कसायला घेण्यावरही बंदी आली. कायद्याचा मूळ रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. पण थिंद निकालाने भारतीयही आपोआप अपात्र ठरले आणि त्याच कात्रीत सापडले. मग पळवाटा निघाल्या. कुणी भरवशाच्या गोऱ्या शेजाऱ्याच्या नावावर करार केला, कुणी अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर. भारतातून बायका आणता येत नव्हत्या, त्यामुळे अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि त्या भागात पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांची एक वेगळीच पिढी तयार झाली. मुलांची नावे स्पॅनिश, आडनाव सिंग. कागदावर जमीन दुसऱ्याची आणि घाम आपला, ही अवस्था तिथल्या भारतीयांच्या अंगवळणी पडली होती. नाव वापरू देणाऱ्याची नियत फिरली तर दाद मागायला न्यायालय नव्हते, कारण मुळात व्यवहारच बेकायदा.

सौंद यांनीही शेती सुरू केली. सॅलडच्या लेट्यूसपासून गवत, बीट अशी वेगवेगळी पिके घेतली. १९३० च्या दशकातल्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि ते कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याचा कायदेशीर मार्ग होता, पण तो न घेता त्यांनी कर्ज फेडत राहणे पसंत केले. शेतकऱ्याचे आयुष्य असे चालले असताना दुसरीकडे भाषणे सुरूच होती. चर्च, क्लब, शेतकऱ्यांच्या सभा, जिथे बोलावतील तिथे. बोलण्याचा सराव व्हावा म्हणून ते टोस्टमास्टर्स क्लबातही जात. पुढे निवडणुकीत कामी आलेली ओळख आणि वक्तृत्व या वीस-पंचवीस वर्षांत कमावलेले होते.

एक पुस्तक आणि एक लग्न

कॅथरीन मेयो या अमेरिकी लेखिकेचे 'मदर इंडिया' हे पुस्तक १९२७ मध्ये आले आणि भारतात संतापाची लाट उसळली. भारतीय समाज इतका मागास आहे की तो स्वराज्याला लायक नाही, असा त्याचा सूर होता. अमेरिकेत त्याचा मोठा खप झाला. लाला लजपतराय यांच्यासह अनेकांनी त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. स्टॉकटनच्या गुरुद्वारा मंडळाने ही जबाबदारी सौंद यांच्यावर टाकली आणि १९३० मध्ये 'माय मदर इंडिया' प्रसिद्ध झाले. शेतात काम करता करता लिहिलेले हे पुस्तक अमेरिकी वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. जातिव्यवस्था, स्त्रियांची स्थिती, गांधीजींची चळवळ, ब्रिटिश राजवटीचे परिणाम असे सगळे त्यात येते.

१९२८ मध्ये त्यांनी मॅरियन कोसा यांच्याशी लग्न केले. मॅरियन चेक वंशाच्या, त्यांचे बंधू एमिल कोसा पुढे चित्रकार म्हणून नावाजले. त्या काळच्या कायद्याची एक कमाल अशी, की नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही जात असे. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली. सौंद दाम्पत्याला एक मुलगा आणि दोन मुली झाल्या. अमेरिकेत जन्मल्यामुळे तिन्ही मुले जन्मतःच नागरिक. त्यांचे वडील मात्र मत देऊ शकत नव्हते.

वर्षाला १०० माणसांचा कोटा

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. आशियात जपानविरुद्ध लढताना, आशियाई माणूस आमच्या देशाचा नागरिक होण्याच्या लायकीचा नाही, हे सांगणारा कायदा अमेरिकेला अडचणीचा ठरू लागला. १९४३ मध्ये चिनी लोकांवरची बंदी उठली. भारतीयांनीही दबाव वाढवला. न्यूयॉर्कमध्ये आयातीचा व्यापार करणारे जे. जे. सिंग इंडिया लीगच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या भेटी घेत होते, तर पश्चिम किनाऱ्यावर १९४२ मध्ये स्थापन झालेल्या इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिकाचे पहिले अध्यक्ष सौंद होते. पंजाबी शेतकऱ्यांकडून निधी गोळा करणे आणि लोकप्रतिनिधींना पटवत राहणे हे त्यांचे काम.

रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर यांनी मांडलेल्या विधेयकावर २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. लूस-सेलर कायदा म्हणून तो ओळखला जातो. भारतीय आणि फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. त्यासोबत नव्याने येणाऱ्या भारतीयांसाठी कोटा ठरला, वर्षाला १००. फाळणीपूर्व भारताची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेत जवळपास ३९ कोटी होती, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती प्रतीकात्मक होता ते कळते. पण आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठी कोट्यापेक्षा नागरिकत्वाचा हक्क मोलाचा होता. आता जमीन स्वतःच्या नावावर होणार होती.

१६ डिसेंबर १९४९ रोजी सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. वय ५० वर्षे.

निवडून आले, पण पद मिळाले नाही

नागरिक झाल्यावर वर्षभराच्या आत त्यांनी निवडणूक लढवली. वेस्टमोरलँडच्या स्थानिक न्यायालयाचे न्यायाधीशपद तिथे निवडणुकीने भरले जाई आणि त्यासाठी कायद्याची पदवी लागत नसे. १९५० मध्ये सौंद निवडून आले. पण निवडीच्या वेळी नागरिकत्वाला एक वर्ष पूर्ण झालेले नाही, या कारणावरून त्यांना पद नाकारण्यात आले. थोडक्या आठवड्यांचा फरक. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा जिंकले.

या निवडणुकीतला एक किस्सा त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला. गावातल्या एकाने सर्वांसमोर त्यांना विचारले, की तुम्ही निवडून आलात तर न्यायालयात येणाऱ्यांना पगड्या तुम्ही पुरवणार की आम्हीच विकत आणायच्या? सौंद यांनी शांतपणे सांगितले, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही, आत काय आहे तेवढेच आपण बघतो. जमलेले लोक हसले. टोमण्याला टोमण्याने उत्तर न देता सभा आपल्या बाजूला वळवण्याची ही हातोटी त्यांना पुढेही उपयोगी पडली.

न्यायाधीश म्हणून त्यांनी गावातले जुगाराचे अड्डे, वेश्याव्यवसाय आणि अमली पदार्थांचा धंदा यांच्यावर कठोर कारवाई केली. सोबत खतांचा व्यवसाय सुरू होता आणि जिल्ह्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीचे अध्यक्षपदही आले होते.

१९५६ : विक्रमी वैमानिकेविरुद्धची लढत

रिव्हरसाइड आणि इम्पिरियल या दोन काउंट्यांचा मिळून २९ वा मतदारसंघ होता. रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. तिथले खासदार जॉन फिलिप्स निवृत्त होत असल्याने जागा रिकामी झाली आणि सौंद रिंगणात उतरले.

पहिला अडथळा स्वपक्षातूनच आला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्याविरुद्ध उभे असलेले कॅरल कर्नी यांनी सात वर्षांच्या अटीचा मुद्दा काढून न्यायालयात धाव घेतली. सौंद अपात्र आहेत, असा त्यांचा दावा. पण अट निवडणुकीच्या दिवशी नव्हे, सदस्यत्व स्वीकारताना पूर्ण व्हावी लागते. तो हिशेब १८ दिवसांच्या फरकाने सौंद यांच्या बाजूचा होता. हा आक्षेप टिकला नाही आणि पक्षांतर्गत निवडणूकही सौंद यांनी जिंकली.

मुख्य लढतीत समोर होत्या जॅकलिन कॉक्रन ओडलम. १९५३ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणारी जगातली पहिली महिला वैमानिक, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या महिला वैमानिक दलाच्या प्रमुख आणि अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या स्नेही. पती फ्लॉइड ओडलम देशातल्या बड्या भांडवलदारांपैकी एक. त्या स्वतः विमान चालवत प्रचाराला जात. दुसरीकडे सौंद कुटुंब आणि त्यांचे कार्यकर्ते घरोघरी फिरून मतदार नोंदणी करत होते. एका बाजूला भारतात जन्मलेला शेतकरी न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला विक्रमी वैमानिक. त्यामुळे ही लढत देशभरच्या वृत्तपत्रांत गाजली. सौंद यांचा भर मात्र शेतमालाचे भाव, पाणी आणि लहान शेतकरी यांवर होता. निवडून आल्यास आपण भारतात जाऊ आणि अमेरिकी लोकशाहीचे जिवंत उदाहरण म्हणून लोकांसमोर उभे राहू, असेही त्यांनी मतदारांना सांगितले होते.

त्या वर्षी अध्यक्षपदासाठी कॅलिफोर्नियाने रिपब्लिकन आयसेनहॉवर यांना कौल दिला. २९ व्या मतदारसंघात मात्र चार हजारांहूनही कमी मतांनी सौंद जिंकले.

संसदेत त्यांनी काय केले?

नवख्या सदस्याला सहसा न मिळणारी परराष्ट्र व्यवहार समिती त्यांना पहिल्याच खेपेला मिळाली. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचे संरक्षण हा त्या कायद्याचा गाभा होता. २९ वर्षे मत न देता आल्याचा अनुभव असलेला दुसरा सदस्य त्या सभागृहात शोधूनही सापडला नसता.

१९५७ च्या अखेरीस पत्नी आणि मुलगी एली यांच्यासह ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. दौऱ्याची वेळ अमेरिकेसाठी अवघड होती. सप्टेंबरमध्येच आर्कन्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाता यावे म्हणून लष्कर पाठवावे लागले होते आणि ती छायाचित्रे जगभर पोहोचली होती. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा प्रश्न सौंद यांना दौऱ्यात पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्यांची स्वतःची निवड हे त्यांचे उत्तर असे. अमेरिकी सरकारलाही शीतयुद्धात नेमके हेच उदाहरण हवे होते, हे इथे नोंदवायला हवे. दिल्लीत त्यांनी भारतीय संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर भाषण केले. ३७ वर्षांनी छज्जलवडीला गेले तेव्हा गाव स्वागताला लोटले होते.

परदेशी मदतीबाबत त्यांची मते ठाम होती. अमेरिकेचा पैसा राज्यकर्त्यांच्या तिजोरीत आणि शस्त्रांत न जाता खेड्यातल्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी परदेशी मदतीसाठी संसदेची दरवर्षी मंजुरी न घेता थेट तिजोरीतून दीर्घ मुदतीचे कर्ज उचलण्याचा अधिकार मागितला. त्याला कात्री लावणारी दुरुस्ती सौंद यांनीच मांडली आणि प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली. स्वपक्षाच्या अध्यक्षाला दिलेला हा धक्का होता.

एका बाबतीत त्यांची भूमिका खटकते. मेक्सिकोतून तात्पुरते शेतमजूर आणण्याच्या ब्रासेरो योजनेचे ते समर्थक होते. या मजुरांना अमेरिकेत घाम गाळता येई, पण तिथे कायमचे राहण्याचा हक्क नसे आणि त्यांच्या पिळवणुकीच्या तक्रारी तेव्हाही होत होत्या. ज्याने स्वतः तीन दशके जवळपास तशाच अवस्थेत काढली, तो माणूस या योजनेच्या बाजूने का उभा राहिला? मतदारसंघाचे अर्थकारण त्या मजुरांवर चालत होते आणि बागायतदार हे त्यांचे मतदार होते, हे त्याचे सरळ उत्तर. आदर्श कथेत हा तपशील सहसा सांगितला जात नाही.

१९५८ आणि १९६० मध्ये मतदारसंघाने त्यांना अधिक मोठ्या फरकाने परत पाठवले. १९६० मध्येच 'काँग्रेसमन फ्रॉम इंडिया' हे त्यांचे आत्मचरित्र आले.

आवाज गेला

मे १९६२ मध्ये विमान प्रवासात सौंद यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणे थांबले आणि बोलणेही. ज्याचे सारे राजकारण बोलण्यावर उभे होते त्याची वाचाच गेली. तरीही नोव्हेंबरच्या निवडणुकीत उमेदवारी कायम राहिली. प्रचार कुटुंबाने आणि सहकाऱ्यांनी केला, उमेदवार रुग्णालयात. रिपब्लिकन पॅट्रिक मार्टिन यांनी त्यांचा पराभव केला आणि जानेवारी १९६३ मध्ये सहा वर्षांची कारकीर्द संपली.

त्यानंतर ते दहा वर्षे जगले. याच काळात, १९६५ मध्ये, अमेरिकेने देशनिहाय कोट्यांची पद्धतच मोडीत काढली. तो कायदा मांडणाऱ्यांत १९४६ च्या कायद्याचे तेच इमॅन्युएल सेलर होते. वर्षाला १०० भारतीयांची मर्यादा संपली आणि डॉक्टर, इंजिनीअर, संशोधक यांची जी रांग लागली तिच्यात पुण्या-मुंबईचेही कितीतरी जण होते. सौंद हे सारे कॅलिफोर्नियातून पाहत होते, सार्वजनिक जीवनातून पूर्ण निवृत्त होऊन. २२ एप्रिल १९७३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी प्रतिनिधिगृहात दुसरा भारतीय वंशाचा सदस्य यायला २००५ उजाडावे लागले. ते होते लुईझियानाचे बॉबी जिंदाल. तिसरे, कॅलिफोर्नियाचे अमी बेरा, २०१३ मध्ये आले. मिशिगनमधून श्री ठाणेदार २०२३ मध्ये. सौंद यांच्यानंतर शीख सदस्य मात्र अजून तिथे पोहोचलेला नाही. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथील टपाल कार्यालयाला सौंद यांचे नाव देण्यात आले आणि २००७ मध्ये त्यांचे तैलचित्र वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत लागले.